मशीनला हात लावायचा नाही

मॅडम, तुम्ही हात लावू नका. हे वाक्य मी अठरा वर्षं ऐकलं. चादरी आणि टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी नक्ष्या काढायचे. आधी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून, मग कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर मालकांचा, नक्षी मालकांची, खुर्चीसुद्धा मालकांची. माझा म्हणावा असा तिथे फक्त माझा चष्मा होता. मशीन अडकलं की मेकॅनिक यायचा, मला खुर्चीवरून उठवायचा, आणि मी एखाद्या वायरीकडे नुसतं बोट दाखवलं तरी तेच वाक्य म्हणायचा. का हात लावू नको, असं विचारलं तर हसायचा. त्या हसण्याचा मला जेवढा राग आला तेवढा आजवर कशाचाच आलेला नाही.

यंदा मार्च संपता संपता मी मालकांना सांगितलं, की आता मी घरून काम करीन, नक्षीमागे जो दर ठरेल तो घेऊन. घरी म्हातारे वडील एकटे असतात, हे कारण मी पुढे केलं. खरं कारण ती खुर्ची होती. मालक नाही म्हणाले नाहीत. त्यांनी पंधरा दिवसांची रजा दिली आणि टॉवेलच्या पाच नक्ष्या सांगितल्या. स्वतःच्या मशीनवर काढून रजेच्या शेवटच्या रविवारच्या आत पाठवा, जमलं तर पुढे तसंच करू, नाही जमलं तर सोमवारी साडेनऊला नेहमीसारख्या या. बोलताना ते फोनमध्ये बघत होते. त्यांच्या दृष्टीनं मी सोमवारी येणारच होते.

कॉम्प्युटर स्वतः जोडायचा, हे माझ्या डोक्यातलं खूळ. आमच्याकडे सुटे भाग विकणारा दुकानदार वस्तू घेतल्या की तासाभरात फुकट जोडून देतो. मी म्हटलं, नको, सगळं खोक्यात भरून द्या, मी घरी जोडणार. तो माझ्याकडे बघत राहिला, मग दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांकडे बघितलं, मग म्हणाला, जैसी आपकी मर्जी. पुण्याहून भावाचा फोन आला की लॅपटॉप घे, कशाला डोक्याला ताप. शेजारच्या तेलुगू मावशींनी खोकी उतरताना बघितली आणि गल्लीत सांगून टाकलं, की हिनं दुकान काढलंय. रागात असले की मी फार बोलत नाही. कामाला लागते, आणि तिथेच माझं चुकतं.

घरात आम्ही दोघंच. मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णा माढ्याकडचे, विशीत सोलापुरात आले आणि मिलमध्ये जॉबर झाले. माग बिघडला की तो उघडून दुरुस्त करायचा, हे जॉबरचं काम. मिल बंद पडल्यावर पूर्व भागातल्या पॉवरलूमच्या शेडमध्ये त्यांनी तेच काम केलं. मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेला आणि कान गेले. आता त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. आमच्या घरात गुपित असं काही राहत नाही. भाजीत मीठ जास्त पडलंय हेसुद्धा चार घरांना कळतं.

पहिल्या दिवशी मी पंखा बंद करून जमिनीवर सगळं मांडलं, कारण पंख्यानं कागद आणि बारीक स्क्रू सगळीकडे जायला लागले. बाहेर एप्रिलचं ऊन, आत मी घामानं निथळत होते. मोबाईलवर एक माणूस हसत हसत दाखवत होता, की हे अगदी सोपं आहे. त्याच्याकडे गार खोली होती आणि अख्खं मोठं टेबल होतं. प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा, सगळ्यांत महाग, आणि तो बसवताना खटका दाबला की काहीतरी मोडल्याचा आवाज येतो. तो माणूस म्हणाला, घाबरू नका, असाच आवाज येतो. मी घाबरले. दोन वेळा उठून पाणी प्यायले.

मग सगळं कॅबिनेटमध्ये, म्हणजे त्या पत्र्याच्या पेटीत, आवळून झालं. नऊ स्क्रू, प्रत्येक स्क्रूला मान वाकडी. आणि तेव्हा मला कोपऱ्यात एक चकचकीत पट्टी पडलेली दिसली. मागच्या बाजूची, जिच्या भोकांतून वायरी लावायच्या असतात ती. ती सगळ्यांत आधी बसवायची असते. त्या हसऱ्या माणसानं ते सांगितलंही होतं, मी तेव्हा पाणी पीत होते. नऊच्या नऊ स्क्रू परत काढले. मी स्वतःला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. गल्लीला माहीत आहे.

अण्णा एवढा वेळ पलंगावर बसून बघत होते. बघत होते म्हणजे त्यांचे हात शिवशिवत होते. एकदा म्हणाले, स्क्रू ढिला हाय. एकदा म्हणाले, तेल न्हाई घालत काय ह्याला. मग उतरून जवळ बसले आणि पेटीत हात घालायला लागले, तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं आणि ओरडले, "अण्णा, तुमी हात लावू नका."

त्यांनी हात काढून घेतला. परत पलंगावर जाऊन बसले आणि बघत राहिले. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नाजूक काम होतं, म्हातारा हात, आणि मी चिडलेली. अठरा वर्षं जे वाक्य ऐकून माझं रक्त उकळलं ते माझ्याच तोंडून निघालं, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

शेवटी पॉवर सप्लाय बसवला. भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटणारा तो डबा. त्याला स्वतःचा पंखा असतो. तो खाली तोंड करून बसवायचा, म्हणजे कॅबिनेटच्या बुडाला असलेल्या जाळीतून गार हवा वर ओढतो. हे मी वाचलं, समजून घेतलं आणि नीट बसवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी कॅबिनेट टेबलावर चढवून बटण दाबलं आणि पडदा उजळला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. अण्णा उठून आले, टेबलावर तळवा ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "थरथरतंय."

मी म्हटलं, असू द्या. ऐकू न येणारा जॉबर मशीन हातानं ऐकतो, हे मी लहानपणापासून बघितलेलं आहे. पण मला त्या घडीला कुणाचं मत नको होतं. मी पेढे आणायला गेले.

त्याच दिवसापासून मशीन बंद पडायला लागलं. सुरू व्हायचं झोकात, अर्धा तास चालायचं आणि मग पट्‌कन काळोख. सूचना नाही, काही नाही. काठावरची वेल अर्धी काढून झालेली असायची, आणि ती गेलेली असायची. दहा मिनिटं थांबलं की परत सुरू, परत तेच. पहिल्या दिवशी मी विजेला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून बोर्ड बदलून घेतला. त्यानं भिंत फोडली, धूळ केली, आणि जाताना म्हणाला की भारी वस्तू तयारच घ्यावी. तिसऱ्या दिवशी मी प्रोसेसरवरचा पंखा काढून परत बसवला, त्याच्याखालचा, उष्णता ओढून घेणारा करडा लेप पुसून नवा लावला. बोटांना, ओढणीला, दाराच्या कडीला, सगळीकडे तो लेप. मशीन अर्ध्या तासानं बंद.

मग दुकानाच्या फेऱ्या सुरू झाल्या. कॅबिनेट रिक्षात मांडीवर घेऊन जायचं, त्यानं ते काउंटरवर लावायचं, आणि ते तिथे दिवसभर चालायचं. घरी आणून टेबलावर ठेवलं की अर्धा तास. दुसऱ्या फेरीला त्यानं माझ्या समाधानासाठी पॉवर सप्लाय बदलून दिला. घरी आणला, अर्धा तास. अर्ध्या अर्ध्या तासानं काम सेव्ह करत करत मी आठवड्यात दीड नक्षी काढली. पाचातली दीड. रात्री जेवताना अण्णा विचारायचे, चालतंय का, आणि मी मान हलवायचे. हलवली ती कशी, हे त्यांनी आपल्या मनानं ठरवलं असणार.

शनिवारी सकाळी तिसरी फेरी. ह्या वेळी मी दुकानात आवाज चढवला. म्हटलं, तुम्ही जुना माल नवा म्हणून खपवता, बाईमाणूस बघून काहीही गळ्यात मारता. लोक थांबून ऐकायला लागले. त्यानं माझं सगळं बोलून होऊ दिलं. मग चालू मशीनकडे बोट करून, आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, पार्टां में कुछ नहीं. आपके घरमेंच कुछ है."

मी कॅबिनेट उचललं आणि निघाले. रिक्षात रडू आलं, ते रागाचंच. घरी येऊन, मन बदलायच्या आत, मालकांना फोन केला आणि सांगितलं की मशीन चालेना. ते म्हणाले, मला वाटलंच होतं, या सोमवारी. एवढंच. चांगलं बोलले, आणि ते चांगलं बोलणंच मला जास्त लागलं. फोन ठेवला तेव्हा मला ती खुर्ची दिसली, तिच्या फाटलेल्या कडेसकट.

कॅबिनेट टेबलावर चढवायची माझ्यात ताकद नव्हती. दीड नक्षी तेवढी पेनड्राइव्हवर घेऊ आणि सोमवारी ऑफिसला नेऊ, म्हणून ते जमिनीवरच, शहाबादी फरशीवर ठेवून सुरू केलं. काम दहा मिनिटांचं होतं. ते झालं, आणि बंद पडेल तेव्हा पडू दे म्हणून मी तशीच भिंतीला टेकून बसले. अर्धा तास झाला. मग पाऊण. अण्णा मावशींकडे गेले होते ते परत आले, चहा झाला, आणि मशीन चालूच. मला आनंद झाला म्हणता? मला संताप आला. आता तू चालतोस होय, असं मी त्या पेटीला म्हणाले. दोन तासांनी मी ते उचलून टेबलावर ठेवलं, घड्याळ बघत बसले, आणि सत्ताविसाव्या मिनिटाला काळोख झाला.

मग मी पहिल्यांदा टेबलाकडे बघितलं.

टेबलावर चादरीची घडी होती. जाड, चौपदरी, कॅबिनेटच्या मापाची, कडेनं छान दाबून बसवलेली. ती तिथे आठवडाभर होती. मी ती रोज बघत होते. दुकानातून आल्यावर प्रत्येक वेळी मी माझ्या हातांनी कॅबिनेट त्याच घडीवर ठेवलेलं होतं, आणि मला त्यात काहीसुद्धा दिसलं नव्हतं. कारण आमच्या घरात उघड्या टेबलावर काही ठेवायची पद्धतच नाही. टीव्हीखाली चादर, मिक्सरखाली टॉवेल, शिलाई मशीनखाली, पाण्याच्या पिंपाखाली, देवांच्या खालीसुद्धा कारखान्यात नापास झालेल्या मालाचा तुकडा. घडी काढून हातात घेतली तर ती नुकती इस्त्री केल्यासारखी गरम होती. बुडाची जाळी तिनं गच्च बंद करून टाकली होती. पंखा खालून हवा ओढायला बघत होता आणि त्याच्या नाकाशी सोलापुरी चादर.

घडी कुणी केली हे विचारायची गरज नव्हती. अशी घडी जगात एकच माणूस करतो. माग थरथरायला लागला की त्याच्या पायाखाली पॅकिंग द्यायचं, चामड्याचं, पुठ्ठ्याचं, नाहीतर कापडाचं. मी पेढे आणायला गेले तेवढ्यात त्यांनी ते दिलं होतं. मी त्यांना मशीनच्या आत हात घालू दिला नव्हता, म्हणून त्यांनी तो मशीनच्या खाली घातला. पॅकिंग उत्तम होतं. थरथर खरंच गेली होती, आणि मला ती गेलेलीसुद्धा कळली नव्हती.

मी गप्प बसायला हवं होतं. म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगायचं. पण आठवडाभराचा राग होता, वायरमनची धूळ होती, दुकानात केलेला तमाशा होता, आणि सोमवारी साडेनऊ होते. मी घडी त्यांच्यापुढे धरली आणि ओरडून सगळं सांगितलं. जाळी, पंखा, हवा, अर्धा तास, मालकांना केलेला फोन, सगळं. आमच्याकडे राग काढायचा म्हणजे गल्लीसमोर काढायचा, कारण कमी आवाजात काढला तर तो ज्याच्यावर आहे त्याला पोचतच नाही. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. समोरच्या घरातला, अण्णांबरोबर शेडमध्ये काम केलेला म्हाताराही ओट्यावर आला. माझं बोलून झालं आणि मला जीव द्यावासा वाटला.

अण्णांनी घडी हातात घेतली. उलटीपालटी केली. उठून कॅबिनेट आडवं केलं, बुडाच्या जाळीवर बोट फिरवलं, आणि ह्या वेळी मी त्यांना थांबवलं नाही.

"पॅकिंग माझं हाय," ते म्हणाले. मग मालकांना काय सांगितलंस, असं विचारलं. मी म्हटलं, मशीन चालेना एवढंच सांगितलं, ते म्हणाले सोमवारी या. त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजे त्यांना वाटलं आसंल, तुला येत न्हाई."

ओरडून बोलावं असं त्यात काही नव्हतं.

मिलमध्ये कापड बिघडलं की मास्तर विणकराला आणि जॉबरला समोर उभं करायचे आणि चूक कुणाची ते विचारायचे, हे अण्णांनी मला पूर्वी कितीदा सांगितलेलं. बहुतेक जॉबर विणकरावर ढकलायचे, कारण विणकर नवा आणि गरजू असायचा. अण्णा म्हणाले, फोन लाव. मी म्हटलं, तुम्हाला ऐकू येणार नाही. ते म्हणाले, मला ऐकायचं न्हाई, सांगायचं हाय. आत गेले, बंडीवर सदरा चढवला, गुंड्या लावल्या, टोपी घातली आणि येऊन उभे राहिले. मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"नमस्कार साहेब," अण्णा शेडमध्ये बोलावं तेवढ्या मोठ्यानं म्हणाले. "मी हिचा वडील. जॉबर हुतो. मशीनचं पॅकिंग मी चुकीचं दिलं, म्हनून मशीन बंद पडत हुतं. पोरीनं मशीन बराबर बसवलंय. नऊ स्क्रू दोनदा बसवलेत, मी बघितलंय. काम तिला येतं."

मला मालकांचा आवाज ऐकू येत होता. पहिल्या वाक्याला ते हॅलो हॅलो म्हणाले, मग कोण बोलतंय म्हणाले, मग बरं बरं, सोमवारी बघू म्हणाले, आणि फोन बंद झाला. अण्णांना ते कळायचं कारण नव्हतं. ते बोलत राहिले. चूक जॉबरची आहे, दंड असेल तर मला सांगा, तिला दोन दिवस वाढवून द्या, एवढं सगळं ते बंद फोनमध्ये सरळ उभं राहून बोलले. मग नमस्कार म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

"काय म्हनले?"

दारात मावशी होत्या, ओट्यावर तो म्हातारा होता. मी अण्णांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "मंगळवारपतुर द्या म्हनले."

अण्णांनी मान हलवली. मंगळवार लई झाला, म्हणाले, आणि सदरा काढायला आत गेले.

एवढं बोलून बसल्यावर सोमवारी ऑफिसला जाणार तरी कशी? डबा भरून, पर्स घेऊन निघाले असते तर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला असता, आणि त्याचं उत्तर गल्लीनं ऐकलं असतं. खोटं बोलून मी स्वतःच माझी वाट बंद करून ठेवली होती. सोमवारी साडेनऊला मी घरीच होते, फरशीवर बसून, कॅबिनेट शेजारी आणि पडदा खुर्चीवर ठेवून. दहाला ऑफिसचा फोन आला, मी उचलला नाही. साडेदहाला परत आला. मी वेल काढत राहिले. अण्णा दर तासाला येऊन कॅबिनेटच्या बाजूला हात लावून बघायचे, मान हलवायचे आणि जायचे. मी काही म्हणायचे नाही.

मंगळवारी दुपारी पाचही नक्ष्या पाठवल्या. कुणी मागितलेल्या नव्हत्या. सोबत काही लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचेना. संध्याकाळपर्यंत मी तीनदा भांडी घासली. सातच्या सुमारास मालकांचा फोन आला. न सांगता दोन दिवस दांडी मारली म्हणून आधी थोडं रागावले. मग थांबले. चौथी नक्षी मागावर चढवायला घेतोय म्हणाले, आणि तसल्याच आणखी सहा कधी देताय, असं विचारलं.

मी म्हटलं, आधी दराचं बोलू.